टक्केवारी दिसली की आधी छेद विचारा: नागपुरात कॉलेज निवडताना आकडे कसे वाचायचे

सीईटीचा निकाल लागला की काटोल, सावनेर, उमरेडकडची ओळखीची मंडळी मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. एकदा काटोलचे एक शेतकरी वडील आपल्या लेकीला घेऊन आले. पिशवीतून चार कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं काढून त्यांनी टेबलावर मांडली. एकावर बोट ठेवून म्हणाले, "सर, याचा निकाल पंच्याण्णव टक्के हाय. प्लेसमेंट एक्क्याण्णव. आता अजून का पाहाचं राह्यलं?"

मी एवढंच विचारलं, "पंच्याण्णव टक्के, पण कितीपैकी?"

वडील गप्प झाले. लेक हळूच म्हणाली, "परीक्षेला बसले त्यांच्यापैकी असंल नं सर."

बरोबर होतं तिचं. जे परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत, ते त्या पंच्याण्णव टक्क्यांत कुठेच नव्हते. अपूर्णांक शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला अंश आणि छेद माहीत असतात. माहितीपत्रकावर नेहमी वरचा अंश झळकतो, खालचा छेद छापलेला नसतो. मी एका संलग्न महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षं उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा फॉर्म भरण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. हे आकडे ज्या टेबलावर तयार होतात तिथे मी बसलेलो आहे. म्हणून आकडे कुठे मिळतात आणि कसे वाचायचे, ते पायरीपायरीने लिहितो आहे.

पायरी १ : आपण नेमक्या कोणत्या कॉलेजबद्दल बोलतोय ते पक्कं करा

आपल्याकडे पोरगं अकरावीत गेलं की 'कॉलेजला' जायला लागतं. सरकारी आकडेवारीत मात्र अकरावी-बारावी हे शाळेत धरलं जातं आणि त्याची नोंद यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीत होते. कॉलेजांची देशभरची मोजणी वेगळी आहे. तिचं नाव अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, कॉलेजांत सगळे त्याला 'आयशे' म्हणतात. २०१०-११ या वर्षापासून ती दरवर्षी होते. त्यामुळे एखादं कॉलेज 'आमच्याकडे पाच हजार विद्यार्थी' म्हणत असेल, तर त्यात ज्युनिअरची मुलं किती, हे आधी विचारा.

दुसरा गोंधळ संस्थेच्या नावाचा. हिंगणा रोडला किंवा वर्धा रोडला एकाच फाटकातून आत गेलात की इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसी आणि एमबीए अशी चार कॉलेजं असतात, चौघांच्या पाटीवर नाव एकाच संस्थेचं. जाहिरातीत कौतुक एकाचं आणि प्रवेश दुसऱ्यात, असं सहज होतं. उपाय सोपा आहे: नावावर जाऊ नका, कोड बघा. आयशेमध्ये विद्यापीठाचा कोड 'यू'ने, महाविद्यालयाचा 'सी'ने आणि स्वतंत्र संस्थेचा 'एस'ने सुरू होतो. इंजिनिअरिंगसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाचा कोड असतो. नागपूर विभागाचा आकडा ४, म्हणून कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, कट-ऑफ यादीत आपल्याकडची कॉलेजं ०४ ने सुरू होणारी दिसतात. कोड वहीत लिहून ठेवा आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच कोडचा आहे ना, हे तपासा.

पायरी २ : देशाचे आकडे बघा, पण त्यांच्याकडून कॉलेज निवडून घेऊ नका

आयशेच्या २०२१-२२ च्या अहवालात देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षणात आहेत. त्यात मुली २.०७ कोटी. महाविद्यालयं ४५,४७३. बातमीत सगळ्यात जास्त येतो तो 'सकल नोंदणी दर': देशाचा २८.४, मुलींचा २८.५, अनुसूचित जमातींचा २१.२. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हा दर ५० वर न्यायचं ठरवलं आहे.

हा दर कसा काढतात? अंशात कोणत्याही वयाचा प्रत्येक नोंदलेला विद्यार्थी, छेदात १८ ते २३ वयाची लोकसंख्या. म्हणजे तिशीत बी.एड. करणारी ताईसुद्धा अंशात येते, छेदात येत नाही. छेदाची लोकसंख्याही प्रत्यक्ष मोजलेली नाही, २०११ च्या जनगणनेवरून पुढे अंदाज बांधलेली आहे. शिवाय विद्यार्थी जिथे शिकतो तिथे मोजला जातो, जिथला रहिवासी आहे तिथे नाही. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटची कितीतरी मुलं नागपुरात खोली घेऊन शिकतात. ती महाराष्ट्राच्या अंशात येतात आणि मध्य प्रदेशच्या छेदात राहतात. चंदीगडचा दर ६४.८ दिसतो, त्यामागेही आजूबाजूच्या राज्यांतून येणाऱ्या मुलांचा मोठा हात आहे.

जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करतानाही जपा. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची कॉलेजं गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाचीच एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) स्वतः विद्यापीठ झाली. २०११ च्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून 'नागपूर विद्यापीठात विद्यार्थी घटले' असं कोणी सांगितलं, तर ते घटले नाहीत, दुसऱ्या रकान्यात गेले, एवढंच त्याला सांगा.

आता पदवी पूर्ण करणाऱ्यांचं. आयशेच्या २०२०-२१ च्या अहवालात एकूण विद्यार्थी ४.१४ कोटी आणि त्या वर्षी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेले ९५.४ लाख. भागाकार केला तर २३ टक्के येतात, आणि 'चारातला एकही पदवीधर होत नाही' असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. हा हिशेब साफ चुकीचा आहे. ४.१४ कोटींत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्या वर्षांची मुलं आहेत. ती यंदा बाहेर पडणारच नव्हती. 'अमुक साली आत आलेल्या शंभरातली किती जण वेळेत बाहेर पडली' हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी एकाच तुकडीचा शेवटपर्यंत माग काढावा लागतो, आणि ते आयशेच्या एकूण बेरजेतून निघत नाही.

फॉर्म भरतानाची एक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. आयशेत आम्ही प्रवेश रजिस्टरवरून वर्षनिहाय, प्रवर्गनिहाय, मुलगे-मुली अशी संख्या भरतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलेली कितीतरी मुलं खरं तर नीटची पुन्हा तयारी करत असतात. दिवाळीनंतर ती वर्गात दिसत नाहीत. पुढच्या वर्षी एखादा मेडिकलला, एखादी पशुवैद्यकीयला लागते. पटावर मात्र त्यांची नावं असतात, म्हणून फॉर्ममध्येही असतात. नोंदणीचा आकडा म्हणजे एका दिवसाचा फोटो समजा.

पायरी ३ : एनआयआरएफची पीडीएफ उघडा

माझ्या मते कॉलेज निवडणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद हा आहे, आणि तो फार थोडे पालक उघडतात. सगळे क्रमवारी बघतात. क्रमवारी सोडून द्या, क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेली माहिती वाचा. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी, तिची पहिली यादी २०१६ मध्ये आली. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते. मुखपृष्ठावर खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'एनआयआरएफ' असा दुवा असतो.

पीडीएफमध्ये 'प्लेसमेंट अँड हायर स्टडीज' हा तक्ता शोधा. इंजिनिअरिंगचा असेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेला घ्या. एकेका ओळीत एकेका तुकडीची अख्खी गोष्ट असते. डावीकडून मंजूर जागा, मग प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले, मग थेट दुसऱ्या वर्षाला आलेले डिप्लोमावाले, मग ठरलेल्या किमान मुदतीत पदवी मिळवलेले, मग नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार, आणि शेवटी पुढे शिकायला गेलेले.

त्या दिवशी काटोलच्या लेकीला मी वहीत एक उदाहरण करून दाखवलं. आकडे समजुतीसाठी घेतलेले, कुठल्याच कॉलेजचे नाहीत.

समजा मंजूर जागा १२०. पहिल्या वर्षाला प्रवेश १००. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला १२. म्हणजे तुकडी झाली ११२ मुलांची. शेवटच्या परीक्षेला बसले ७४, पास झाले ७०. कंपनीच्या मुलाखतींसाठी कॉलेजकडे नाव नोंदवलं ४४ जणांनी, नोकरी लागली ४० जणांना.

माहितीपत्रक म्हणेल: निकाल ७४ पैकी ७०, म्हणजे ९४.६ टक्के. प्लेसमेंट ४४ पैकी ४०, म्हणजे ९०.९ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, खोटं कोणी बोललेलं नाही.

आता छेदात ११२ ठेवा. वेळेत पदवी ११२ पैकी ७०, म्हणजे ६२.५ टक्के. नोकरी ११२ पैकी ४०, म्हणजे ३५.७ टक्के.

लेकीने स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सर, मी आज आत शिरणार, तर मी एकशे बारांतली एक आहे. चव्वेचाळीसांतली नाही." मला हेच तिच्याकडून ऐकायचं होतं. प्रवेश घेताना तुम्ही नेहमी मोठ्या छेदात असता.

बेरीज करताना डिप्लोमावाले विसरू नका. फक्त पहिल्या वर्षाचे १०० धरले तर ७० टक्के येतात आणि कॉलेज आहे त्यापेक्षा बरं दिसतं. काही ओळींत तर पदवीधर हे पहिल्या वर्षाच्या प्रवेशापेक्षा जास्त दिसतात. ती चूक नसते, मधून आलेल्यांमुळे तसं होतं.

राहिलेल्या ४२ जणांना नापास म्हणून मोडीत काढू नका. कोणी केटीत अडकून वर्ष मागे राहिलं, पण पुढच्या वर्षी पदवी घेतली. कोणी कॉलेज बदललं. कोणाच्या घरी पैसे संपले. कारण आकडा सांगत नाही, ते कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनाच विचारावं लागतं. मात्र चार कॉलेजांत तीन ठिकाणी ८० च्या आसपास आणि एका ठिकाणी ५५ येत असतील, तर त्या चौथ्या ठिकाणी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनआयआरएफचं सूत्रही ८० टक्के वेळेत उत्तीर्ण झाले की त्या निकषाचे पूर्ण गुण देतं.

मध्यक पगाराबद्दल दोन शब्द. नोकरी लागलेल्या ४० जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं केलं, तर मधल्या दोघांच्या पगाराची सरासरी म्हणजे मध्यक. 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचं असतं आणि 'सरासरी पॅकेज' त्या एकामुळे फुगतं, म्हणून मध्यकच पाहा. पण ज्यांना नोकरी लागली नाही ते त्या रांगेत उभेच नसतात, हेही ध्यानात ठेवा.

ही माहिती कॉलेजने स्वतः भरलेली असते. म्हणून एकाच वर्षाची ओळ पाहू नका, तिन्ही वर्षांच्या पाहा. शक्य झाल्यास मागच्या वर्षीची पीडीएफही उतरवून घ्या. एकाच तुकडीचा आकडा दोन पीडीएफमध्ये वेगळा दिसला, तर कार्यालयात जाऊन कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे.

ज्यांच्या घरात अमेरिकेचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी थोडंसं. तिथे तुकडीचा माग काढणं कॉलेजांना कायद्यानेच भाग आहे. चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत धरून दर काढतात. २०१४ मध्ये सुरुवात केलेल्यांपैकी २०२० पर्यंत त्याच कॉलेजातून ६४ टक्के पदवीधर झाले. पण तिथला छेद फक्त पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांचा असतो. आपला 'किमान मुदतीत'चा आकडा चार वर्षांचा आणि त्यांचा सहा वर्षांचा, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून आपल्या कॉलेजला नावं ठेवू नका.

पायरी ४ : भाग न घेणाऱ्या कॉलेजांसाठी नॅकचे कागद

एनआयआरएफच्या २०२४ च्या क्रमवारीत देशभरातून साधारण साडेसहा हजार संस्था उतरल्या होत्या. कॉलेजं पंचेचाळीस हजार आहेत. त्यामुळे कला, वाणिज्य, विज्ञानाच्या बऱ्याच कॉलेजांची पीडीएफ मिळणारच नाही. तिथे नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी, केलेला स्वयंअध्ययन अहवाल किंवा दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल शोधा. त्यात उत्तीर्णांची टक्केवारी असते, पण ती शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी. मग असं करा: तीन वर्षांच्या पदवीसाठी दोन वर्षं आधीच्या अहवालातला पहिल्या वर्षाचा प्रवेश घ्या आणि या वर्षीच्या अहवालातले शेवटच्या वर्षाचे उत्तीर्ण घ्या. भागाकार अगदी काटेकोर येणार नाही, तरी अंदाज येतो. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी किंवा चौथ्या वर्षी ऑनर्स असे दोन रस्ते झाले आहेत. त्यामुळे पुढच्या तुकड्यांत कोणतं वर्ष 'शेवटचं' धरलं आहे, तेही विचारावं लागेल.

पायरी ५ : पैशाचे दोन हिशेब

पहिला तुमच्या खिशाचा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचं शुल्क राज्यात २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय, वर्षनिहाय मंजूर शुल्क मिळतं. त्याची प्रिंट काढून सोबत न्या आणि पावतीशी ताडून पाहा. हॉस्टेल, मेस, बस यांचा खर्च वेगळा धरा. अंबाझरीजवळ खोली घेऊन हिंगण्याला ये-जा करणाऱ्या मुलाचा महिन्याचा खर्च कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही, तो तिथल्या मुलांकडूनच कळेल. व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्था, खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यांचं शुल्क वेगळ्या वाटेने ठरतं.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी. २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हा लाभ नाही. काटोलच्या लेकीच्या चार माहितीपत्रकांतलं एक अशाच विद्यापीठाचं निघालं. वडिलांनी ते तिथेच बाजूला ठेवलं.

दुसरा हिशेब कॉलेजच्या खिशाचा. एनआयआरएफच्या त्याच पीडीएफमध्ये खाली तीन वर्षांचा खर्च असतो: ग्रंथालय, प्रयोगशाळेची नवी साधनं, पगार, देखभाल. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांतही असते. पगाराच्या रकमेला एकूण विद्यार्थिसंख्येने भागा. समजा पगारावर ६ कोटी आणि विद्यार्थी १२००, तर एका मुलामागे शिकवणाऱ्यांवर आणि कर्मचाऱ्यांवर ५० हजार. हा आकडा शुल्काशेजारी ठेवा. मी स्वतः पगाराच्या ओळीला इमारतीपेक्षा जास्त किंमत देतो. मूल चार वर्षं काचेच्या दर्शनी भागाकडून शिकत नाही, वर्गात टिकून राहिलेल्या शिक्षकाकडून शिकतं. तीन वर्षांत विद्यार्थी वाढले आणि पगाराचा खर्च कमी झाला, असं दिसलं तर मला काळजी वाटते.

तिथेच वर विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात राज्य आणि केंद्र सरकारकडून पूर्ण शुल्क परतावा मिळालेल्यांचा रकाना असतो. राखीव प्रवर्गांची मुलं पुष्कळ आणि परताव्याच्या रकान्यात जवळजवळ शून्य, असं असेल तर महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे) अर्ज कार्यालयात कुठे अडकतात, ते सीनिअर मुलांना विचारा.

पायरी ६ : एक वही, चार पानं

एका कॉलेजला एक पान. वर कोड. खाली तीन तुकड्यांच्या तीन ओळी: आत आलेले, वेळेत बाहेर पडलेले, नोकरी, पुढचं शिक्षण, मध्यक पगार. त्याखाली मंजूर शुल्क आणि एका मुलामागचा पगारखर्च. कॅपचा पसंतीक्रम भरण्याआधी ही वही पूर्ण झालेली हवी. पसंतीक्रम लॉक झाल्यावर ती भरून उपयोग नाही.

पायरी ७ : आकडा कुठेच नसेल तर

आधी कॉलेजात जा आणि गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांना भेटा. बरेच जण नीट माहिती देतात. आम्हाला कोणी येऊन हे विचारलं तर बरं वाटतं, कारण वर्षभर भरलेले ते फॉर्म एरवी कोणी वाचत नाही. तिथे दाद लागली नाही तर विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. परीक्षेची नोंद विद्यापीठाकडे असतेच. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून पाल्हाळ नको. मजकूर असा ठेवा:

"अमुक कोडच्या महाविद्यालयात अमुक अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षास २०२१-२२ मध्ये नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या, थेट द्वितीय वर्षास प्रवेश घेतलेल्यांची संख्या, त्याच तुकडीतील अंतिम परीक्षेस बसलेल्यांची संख्या आणि त्यापैकी प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्यांची संख्या द्यावी."

टक्केवारी मागू नका. चारही संख्या वेगवेगळ्या मागा, भागाकार घरी करता येतो.